विकास बँकेच्या कर्जातून पाणी आणि सांडपाण्याची योजना: नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी

"बँकेकडून पैसे येणार आहेत," असं मीटिंगमध्ये कुणीतरी जाहीर करतं आणि दुसऱ्या दिवशी एक जाडजूड फाइल सगळ्यात नव्या माणसाच्या टेबलावर येऊन पडते. फाइलीत पंधरा-वीस न कळणारी आद्याक्षरं, एक रंगीत नकाशा आणि एक भला मोठा आकडा. हा लेख त्या टेबलामागच्या माणसासाठी आहे. तुम्ही पाणीपुरवठा विभागात नुकतेच रुजू झालेले इंजिनियर असाल, नगरपालिकेत हिशेब सांभाळत असाल, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते असाल किंवा या विषयावर पहिल्यांदाच बातमी करणार असाल, तरी वाट तीच आहे.

पैसा विकास बँकेतून, म्हणजे सरकारांना विकासकामांसाठी कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेसारख्या संस्थेतून निघतो, सरकारी तिजोरीत येतो, तिथून योजना राबवणाऱ्या यंत्रणेकडे, मग ठेकेदाराकडे आणि शेवटी पाइपच्या रूपाने घरापर्यंत पोहोचतो. बहुतेक लोक फाइलही याच क्रमाने वाचतात. मी नव्या माणसाला उलटं चालायला सांगतो, म्हणजे घरापासून बँकेकडे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

१. आधी एका घराच्या दारात उभे राहा

काही वर्षांपूर्वी भुयारी गटारीचं काम पूर्ण झालेल्या एका गल्लीत मी पाहणीला गेलो होतो. प्रत्येक दारासमोर नवा कोरा चेंबर, त्यातून घराच्या दिशेने हातभर बाहेर आलेला पाइप आणि त्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचं टोपण. एका बाईंना विचारलं, जोडणी का नाही घेतली? त्या म्हणाल्या, "साहेब, पाइप आलाय दारात. संडास आहे मागल्या बाजूला. मधली फरशी कोण फोडणार आणि परत कोण बसवणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंदाजपत्रकातही नव्हतं. गल्लीतली बहुतेक टोपणं तशीच होती आणि गावाबाहेर सांडपाणी प्रक्रिया केंद्र तयार होऊन पाण्याची वाट बघत होतं.

पाणी-सांडपाण्याच्या योजनांचं घोडं इथेच पेंड खातं. मुख्य वाहिनी टाकणं त्या मानाने सोपं असतं: एक निविदा, एक ठेकेदार, मोठी बिलं. घरजोडणी म्हणजे हजारो बारीक कामं, तीही खासगी जागेत. कुठे मालक, कुठे भाडेकरू, कुठे चार भावांची सामायिक भिंत. म्हणून योजना चेंबरपाशी येऊन थांबते आणि पुढच्या दहा मीटरचा खर्च "लाभार्थ्याने करावा" असं एका ओळीत लिहून विषय संपतो. मग जोडण्यांसाठी धावपळ सुरू होते ती कर्जाची मुदत संपत आल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडं.

जोडण्या नसल्या की दोन गोष्टी बिघडतात. प्रक्रिया केंद्रातले जिवाणू मैल्यावर जगतात. ठरलेल्या प्रवाहाच्या जेमतेम काही हिश्श्यावर केंद्र चालवलं तर ते धड चालत नाही, वीज मात्र खात राहतं. दुसरं, जोडणी नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून वसुली नाही. कर्जाचे हप्ते मात्र ठरलेल्या तारखेला सुरू होतात.

तेव्हा फाइल उघडण्याआधी दोन-तीन गल्ल्या निवडा आणि शंभर-दोनशे घरांची साधी पाहणी करा. संडास घराच्या कुठल्या बाजूला आहे, सध्या मैला कुठे जातो, वाहिनीपर्यंत अंतर किती, राहणारा मालक की भाडेकरू, एवढं लिहा. आणि एक गोष्ट जी कागदावर दिसत नाही: घराची जमीन रस्त्यापेक्षा खाली आहे का? रस्ते वर्षानुवर्षं थरावर थर चढवून उंच होतात आणि जुनी घरं खड्ड्यात जातात. अशा घराचं सांडपाणी उताराने वाहिनीत जाणारच नाही. हे आज कळलं तर वाहिनीची खोली बदलता येते, काम झाल्यावर काहीच करता येत नाही.

या पाहणीच्या जोरावर प्रस्तावात तीन गोष्टी घालून घ्या. घरजोडणी हा योजनेचाच घटक असावा, जोडणीचं शुल्क एकरकमी न घेता मासिक बिलातून हप्त्याने घ्यावं आणि गरीब घरांना सवलत मिळावी. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह इथल्या जलप्राधिकरणाने गरीब कुटुंबांना परिस्थितीनुसार जोडणी शुल्कात ३० ते १०० टक्क्यांपर्यंत सूट दिली होती. जागतिक बँकेच्या छत्राखाली २००३ मध्ये सुरू झालेल्या एका भागीदारीने तर अनुदानाचा क्रमच फिरवला: जोडणी झाली, पाणी येतंय हे त्रयस्थाने तपासलं की मगच पैसे. ठेकेदाराला दहा मीटरची गोडी लावायची तर याहून चांगली युक्ती मला माहीत नाही.

२. मग महिन्याचं बिल मांडा

कर्ज बांधकामासाठी मिळतं. पंपाची वीज, क्लोरिन, फिटरचा पगार, फुटलेली व्हॉल्व्ह हे सगळं पाणीपट्टीतून किंवा सरकारी अनुदानातून भागवावं लागतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एका कागदावर चार आकडे लिहा: वर्षाचा चालू खर्च, वर्षात पाठवलेली बिलं, त्यातली प्रत्यक्ष वसुली आणि नव्या कर्जाचा वार्षिक हप्ता. वसुली चालू खर्चालाच पुरत नसेल तर नवी योजना म्हणजे नवा तोटा. नवं केंद्र जुन्यापेक्षा जास्त वीज खातं आणि त्याला जास्त शिकलेला माणूस लागतो, त्यामुळे योजनेनंतरचा चालू खर्च वेगळा काढा. मी पाहिलेल्या कित्येक अहवालांत हा आकडा जुन्याच खर्चावर दहा टक्के चढवून लिहिलेला असतो. तो कुणी मोजलेला नसतो.

दर वाढवावे लागणार असतील तर ते लोकांना आधी सांगा आणि टप्प्याने वाढवा. पाणी आणि सांडपाण्याचं मिळून बिल घराच्या उत्पन्नाच्या साधारण ३ ते ५ टक्क्यांच्या आत असावं असा ठोकताळा या क्षेत्रात सर्रास वापरला जातो. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात १९९९ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, २००० च्या सुरुवातीला दर एकदम चढले, लोक रस्त्यावर आले आणि एप्रिलमध्ये सरकारला करार रद्द करावा लागला. दरवाढीचं गणित कागदावर कितीही बरोबर असलं तरी नळाला फरक दिसण्याआधी बिलात फरक दिसला की लोक ऐकत नाहीत, आणि त्यांनी का ऐकावं?

बँकही तिचं गणित करते. आशियाई विकास बँक योजनेचा समाजाला होणारा आर्थिक परतावा किमान ९ टक्के असावा अशी अपेक्षा ठेवते, काही सामाजिक स्वरूपाच्या योजनांसाठी ६ टक्के. २०१७ पूर्वी हा उंबरठा १२ टक्क्यांचा होता. हा परतावा नगरपालिकेच्या गल्ल्यात पडणारा पैसा नव्हे. आजारपण कमी होणं, पाणी आणायला जाणारा वेळ वाचणं हेही त्यात धरलेलं असतं. त्यामुळे आर्थिक परतावा उत्तम आणि गल्ला रिकामा असं सहज होऊ शकतं. हे दोन हिशेब फाइलीत शेजारी शेजारी असतात, ते एकमेकांत मिसळू नका.

आणखी एक प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारा: कर्ज डॉलरमध्ये आहे, बिलं स्थानिक चलनात, मग चलन घसरलं तर तोटा कुणाचा? कधी केंद्र सरकार तो स्वतःवर घेतं, कधी खाली ढकलतं. उत्तर लेखी मागा.

३. गळती मोजल्याशिवाय नवं धरण मागू नका

शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी ज्याचे पैसे कधीच येत नाहीत, त्याला महसुलाबाहेरचं पाणी म्हणतात. त्यात जमिनीखालची गळती येते, चोरून घेतलेल्या जोडण्या येतात, बंद पडलेले मीटर येतात आणि कुणाचं तरी मुद्दाम न लिहिलेलं रीडिंगही येतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार असं पाणी वर्षाला सुमारे १२,६०० कोटी घनमीटर भरतं आणि त्याची किंमत ३,९०० कोटी डॉलरच्या घरात जाते.

ते मोजायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एक रात्र जागणं. पाणी चोवीस तास चालू असलेला एक भाग निवडा, त्याच्या बाकीच्या वाटा व्हॉल्व्हने बंद करा आणि आत जाणाऱ्या एकाच पाइपवर मीटर लावा. रात्री दोन ते चारच्या दरम्यान माणसं झोपलेली असतात, त्यामुळे मीटरचा काटा जवळजवळ थांबायला हवा. तो दिवसासारखाच गरगर फिरत असेल तर ते पाणी जमिनीत चाललंय. पाणी ठरावीक तासच येत असेल तर ही चाचणी सरळ जमत नाही. तिथे पाणी सोडल्यावर त्या भागातल्या घरांच्या साठवण टाक्या भरेपर्यंत थांबावं लागतं.

नॉम पेन्हचं उदाहरण इथेही पुढे येतं. १९९३ मध्ये तिथे ७२ टक्के पाणी महसुलाबाहेर होतं, पुरवठा दिवसाला दहा तास आणि वसुली निम्म्याहून कमी. एक सोन चान (यातलं 'एक' हा नावाचाच भाग) हे त्या वर्षी जलप्राधिकरणाचे प्रमुख झाले. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, जपान आणि फ्रान्स यांच्या पैशातून जुन्या वाहिन्या बदलल्या गेल्या. त्याच वेळी त्यांनी प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, ग्राहकांची यादी घरोघर जाऊन नव्याने केली आणि सरकारी कार्यालयांनाही बिल भरायला लावलं. २०१० च्या सुमारास महसुलाबाहेरचं पाणी ६ टक्क्यांच्या आसपास आलं होतं, पुरवठा चोवीस तास झाला होता आणि जवळजवळ सगळी बिलं वसूल होत होती. सोन चान यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे उदाहरण प्रत्येक सादरीकरणात असतं, पण त्यातला पाइपांचा भाग सांगितला जातो आणि ग्राहकयादीचा गाळला जातो. माझ्या मते खरी किमया यादीची होती.

४. भुयारी गटार हा एकच मार्ग नाही

सल्लागाराला मोकळं सोडलं तर तो खोल वाहिन्या आणि एक मोठं केंद्र सुचवतो. त्याचं शुल्क बहुतेकदा कामाच्या आकारावर ठरतं, त्यात त्याचा दोष किती हे मी तुमच्यावर सोडतो.

निर्णयाआधी मैल्याचा प्रवास रेखाटणारी एक आकृती करून घ्या. शंभर माणसांचा मैला घेतला तर किती जणांचा वाहिनीत जातो, किती जणांचा सेप्टिक टँकमध्ये, त्यातला किती उपसला जातो, उपसलेल्यातला किती प्रक्रियेपर्यंत पोहोचतो आणि किती वाटेत नाल्यात ओतला जातो. ही आकृती एका पानावर बसते आणि तिच्याइतकी बोलकी गोष्ट सभेत दुसरी नसते. बहुतेक घरं सेप्टिक टँकवर असतील तर वेळापत्रकानुसार टाक्या उपसणं आणि गाळावर प्रक्रिया करणारं छोटं केंद्र यातून तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त घरं सुरक्षित होतात.

दाट वस्तीसाठी ब्राझीलने १९८० च्या दशकात वेगळी वाट काढली. ईशान्येकडच्या रिओ ग्रांदे दो नोर्ते राज्यात सुरू झालेल्या या पद्धतीत घराघरामागून किंवा फुटपाथखालून उथळ, बारीक वाहिनी नेतात आणि अख्ख्या गल्लीला मुख्य वाहिनीवर एकच जोड देतात. वरून जड वाहनं जात नसल्याने खोल खोदावं लागत नाही आणि खर्च बराच उतरतो. बदल्यात गल्लीतल्या लोकांनी आधी एकत्र बसून ठरवावं लागतं की वाहिनी कुणाच्या अंगणातून जाणार आणि तुंबली तर काढणार कोण. ब्राझिलियासारख्या राजधानीनेही ही पद्धत पुढे वापरली, त्यामुळे ती फक्त गरिबांची सोय समजायचं कारण नाही.

५. कर्ज नेमकं कोण घेतं आणि कुणाकडून

आता बँकेकडे वळू. पाणी आणि सांडपाणी हे या बँकांचं फार जुनं गिऱ्हाईक आहे. आंतर-अमेरिकन विकास बँकेने १९६१ मध्ये दिलेलं तिच्या आयुष्यातलं पहिलंच कर्ज पेरूमधल्या अरेकिपा शहराच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी होतं, ३९ लाख डॉलरचं.

जागतिक बँकेच्या सरकारांसाठी दोन खिडक्या आहेत. १९४४ मध्ये ठरलेली पुनर्रचना आणि विकास बँक मध्यम उत्पन्नाच्या देशांना बाजाराच्या जवळपासच्या दराने कर्ज देते. १९६० मध्ये सुरू झालेला आंतरराष्ट्रीय विकास संघ गरीब देशांना अगदी सवलतीच्या अटींवर कर्ज किंवा थेट अनुदान देतो. खंडवार बँका वेगळ्या: आफ्रिकी विकास बँक १९६४ ची, आशियाई विकास बँक १९६६ ची आणि तिचं मुख्यालय मनिलात. युरोपीय गुंतवणूक बँक लक्झेंबर्गहून चालते, तर बीजिंगच्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेने २०१६ मध्ये काम सुरू केलं. जर्मनी, फ्रान्स, जपान यांच्या स्वतःच्या सरकारी वित्तसंस्थाही याच क्षेत्रात मोठी कर्जं देतात. काही बँकांचं कार्यक्षेत्र मात्र चिमूटभर असतं. उत्तर अमेरिकी विकास बँक फक्त अमेरिका-मेक्सिको सीमेलगत काम करते, सीमेच्या उत्तरेला १०० किलोमीटर आणि दक्षिणेला ३०० किलोमीटर. पाणी-सांडपाणी हेच तिचं मुख्य काम राहिलं आहे आणि कर्जासोबत तिथे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं अनुदानही जोडलं जातं. छोट्या गावांना नुसतं कर्ज झेपत नाही हे त्यामागचं उघड कारण.

नगरपालिका या बँकांच्या काउंटरवर थेट जाऊ शकते का? बहुधा नाही. जागतिक बँकेच्या घटनेतच लिहिलं आहे की कर्जदार सरकार स्वतः नसेल तर सदस्य देशाच्या सरकारने हमी दिली पाहिजे. म्हणून प्रस्ताव शहराकडून प्रांताकडे, तिथून अर्थ मंत्रालयाकडे जातो आणि मग त्या देशासाठी बँकेने ठरवलेल्या काही वर्षांच्या आराखड्यात जागा मिळाली तर पुढे सरकतो. लंडनची युरोपीय पुनर्रचना आणि विकास बँक किंवा जागतिक बँक समूहातलं आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ सरकारी हमीशिवाय शहरांना आणि कंपन्यांना कर्ज देऊ शकतात, पण मग ते तुमचे ताळेबंद खासगी बँकेसारखे तपासतात. गेल्या तीन वर्षांचं लेखापरीक्षण झालेलं नसेल तर तिकडे जाण्यात अर्थ नाही.

कर्जाचा प्रकारही विचारून घ्या. नेहमीचं प्रकल्प-कर्ज खर्चाच्या पावत्यांवर चालतं. जागतिक बँकेने २०१२ मध्ये आणि आशियाई बँकेने २०१३ मध्ये निकालांवर आधारलेला प्रकार आणला: इतक्या घरांत पाणी पोहोचलं, इतके मीटर चालू आहेत हे सिद्ध झालं की ठरलेली रक्कम मिळते. दुसऱ्या प्रकारात सरकारची स्वतःची निविदा पद्धत वापरता येते, पण मोजमाप कच्चं असेल तर पैसा अडकून बसतो.

६. कागद वाचायचा क्रम

योजना ओळखणं, तयारी, मूल्यमापन, वाटाघाटी आणि मंजुरी, अंमलबजावणी, समाप्ती अहवाल असा प्रवास साधारण सगळीकडे सारखा असतो. कल्पना सुचण्यापासून पहिला खड्डा खणेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात.

यातला सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे मंजुरीआधीचा मूल्यमापन अहवाल. जागतिक बँक तो जाहीर करते. शंभर पानं पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी निकालांचा तक्ता उघडा. त्यात "इतक्या किलोमीटर वाहिन्या" लिहिलंय की "इतक्या घरांना जोडणी"? पहिलं असेल तर वरच्या गल्लीतली टोपणं डोळ्यांसमोर आणा. मग खर्चाचा तक्ता: बँकेचा वाटा किती, सरकारचा किती, जमिनीचे पैसे कुणाचे. जमिनीची किंमत बऱ्याचदा सरकारी वाट्यात टाकलेली असते आणि ती वेळेवर येत नाही. शेवटी अटी बघा. सह्या झाल्या म्हणजे कर्ज सुरू झालं असं नसतं. ठरलेल्या अटी पुऱ्या झाल्या की ते लागू होतं, आणि त्या अटींत कधी दरवाढीचा ठराव असतो, कधी वेगळा प्रकल्प कक्ष.

७. चराच्या कडेची माणसं

पाण्याच्या योजनेत धरणाइतकं विस्थापन नसतं म्हणून हा भाग हलका घेतला जातो. पण वाहिनीसाठी चर खोदला की तीन आठवडे ज्याची हातगाडी लागत नाही, त्याचं उत्पन्न बुडतं, आणि बँकेच्या नियमांत तो बाधित ठरतो.

जागतिक बँकेची पर्यावरण आणि सामाजिक चौकट ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. तिच्यात दहा मानकं आहेत आणि पाचवं जमीन आणि पुनर्वसनाबद्दलचं. त्यातली गोष्ट अनेक अधिकाऱ्यांना पटत नाही ती अशी की जमिनीचा कागद नसलेल्या माणसालाही त्याने बांधलेल्या वास्तूची भरपाई आणि पुनर्वसनासाठी मदत मिळते. जमिनीची किंमत मात्र मिळत नाही. ठरावीक तारखेआधी तिथे असलेल्यांची यादी केली जाते, त्यानंतर आलेल्यांना हक्क नाही. म्हणून ती तारीख आणि यादी गल्लीत भिंतीवर लावा, कार्यालयाच्या फलकावर लावून भागत नाही. पैसे हातात पडल्याशिवाय त्या तुकड्यात काम सुरू करू नका. ठेकेदार घाई करतोच. चर उघडून ठेवायचा आणि मग वाटाघाटी करायच्या हा त्याचा जुना डाव आहे.

या नियमांना इतिहास आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर प्रकल्पात लोकांनी दिलेल्या लढ्यानंतर जागतिक बँकेने स्वतंत्र समिती नेमली. तिचा १९९२ चा अहवाल बँकेला चांगलाच झोंबला, पुढच्या वर्षी भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं आणि त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेने स्वतःचे नियम मोडल्यामुळे नुकसान झालं असं वाटलं तर बाधितांपैकी दोन माणसंही मिळून तिथे तक्रार करू शकतात. कर्ज बंद झाल्यानंतर १५ महिन्यांपर्यंत ही दारं उघडी असतात. आशियाई बँकेतही अशी यंत्रणा आहे. तुम्ही योजना राबवणाऱ्या यंत्रणेत काम करत असाल तर यामुळे बिचकू नका. गल्लीतली तक्रारवही रोज उघडली जात असेल तर लोकांना तिथवर जावं लागत नाही.

८. निविदा

इथे लवकर पुढे जाऊ, कारण नियमपुस्तकं तयारच असतात आणि त्यांत फार हात घालायला वाव नसतो. निविदेचा नमुना बँकेचाच वापरावा लागतो. मोठ्या कामांत प्रत्येक टप्प्यावर बँकेची ना हरकत लागते, छोट्या कामांची तपासणी नंतर होते. गैरव्यवहारासाठी बँकेने बंदी घातलेल्यांच्या यादीत ठेकेदाराचं नाव आहे का ते आधी पाहा. एप्रिल २०१० च्या करारानुसार पाच मोठ्या विकास बँका एकमेकींनी घातलेली मोठ्या मुदतीची बंदी मानतात, त्यामुळे एकीकडे पकडलेला दुसरीकडे तोंड वर करून येऊ शकत नाही. आणि अंदाजापेक्षा खूपच खालची बोली आली तर आनंदून जाऊ नका, दरांचं पृथक्करण मागा. पाइपाखालची वाळू आणि जोडांची चाचणी यातूनच ती बोली खाली आलेली असते.

९. पैसा कसा हलतो

बँक रक्कम एकदम देत नाही. एका वेगळ्या खात्यात आगाऊ थोडे पैसे येतात. ठेकेदार बिल देतो, इंजिनियर जागेवर मोजमाप करून सही करतो, यंत्रणा पैसे देते, हिशेब बँकेला जातो आणि खर्च झाला तेवढीच रक्कम पुन्हा खात्यात येते. मोठं बिल असेल तर बँक थेट ठेकेदारालाही देते. म्हणजे हिशेबनीस दोन महिने रजेवर गेला तर सगळी साखळी थांबते. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही, एका योजनेत नेमकं हेच झालेलं पाहिलं आहे.

न उचललेल्या पैशावरही शुल्क लागतं. आशियाई विकास बँकेच्या नेहमीच्या कर्जावर ते वर्षाला ०.१५ टक्के आहे. समजा १० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं आणि जमीन न मिळाल्याने ८ कोटी वर्षभर पडून राहिले, तर १ लाख २० हजार डॉलर नुसते थांबण्याचे गेले. म्हणून जमीन ताब्यात आणि निविदा तयार असताना सह्या करणं केव्हाही शहाणपणाचं. तयारीचा खर्च आधी झाला असेल तर तोही काही मर्यादेत परत मिळू शकतो. जागतिक बँकेत सह्यांआधीच्या वर्षभरातला खर्च कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत धरता येतो, मात्र तो बँकेच्याच निविदा नियमांनी झालेला हवा. करारात ही तरतूद आधी लिहून घ्यावी लागते.

कर्ज बंद होण्याची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. त्यानंतर हिशेब पाठवायला साधारण चार महिने मिळतात, नवा खर्च मात्र धरला जात नाही. मुदतवाढ मागायची तर शेवटच्या महिन्यात नको.

१०. जुने समाप्ती अहवाल

योजना संपली की बँक समाप्ती अहवाल लिहिते आणि जागतिक बँकेत तिचा स्वतंत्र मूल्यमापन विभाग त्यावर आपली वेगळी श्रेणी देतो. हे अहवाल जाहीर असतात आणि मला ते मंजुरीआधीच्या मूल्यमापन अहवालांपेक्षा खूप जास्त प्रामाणिक वाटतात. बहुतेक लोक ते आपली योजना संपल्यावर वाचतात. तुम्ही आत्ताच वाचा: तुमच्या देशातल्या, तुमच्याच आकाराच्या शहराच्या दोन-तीन जुन्या योजनांचे. सुरुवातीचं कौतुक सोडून द्या, निकालांच्या तक्त्यात "मूळ लक्ष्य" आणि "सुधारित लक्ष्य" असे दोन रकाने असतात तिथे जा. घरजोडण्यांचं लक्ष्य मधेच खाली आणलेलं दिसलं तर त्यापुढचा परिच्छेद पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि पुढच्या मीटिंगला ते पान सोबत न्या.